लिंबाजी सोनकांबळेंचा डावा हात

लिंबाजीराव सोनकांबळे यांचा उजवा हात उदगीर तालुक्यात प्रसिद्ध होता. डाव्या हाताला कुणी ओळखत नव्हतं. कारण साधं होतं. पेटी वाजवताना उजवा हात सूर काढतो आणि डावा हात पाठीमागून भाता मारतो. टाळ्या, हार, नारळ, जे काही मिळायचं ते उजव्याला मिळायचं. डाव्याकडे फक्त वारा घालायचं काम. सरकारी भाषेत सांगायचं तर उजवा हात राजपत्रित होता आणि डावा चतुर्थ श्रेणी.

लिंबाजीराव स्वतः सरकारी नोकर होते म्हणून ही भाषा त्यांच्या डोक्यात यायची. लघु पाटबंधारेच्या कचेरीत ते वरिष्ठ लिपिक होते. त्या वर्षी तालुक्यातल्या सगळ्या तळ्यांचे तळ दिसत होते, त्यामुळे कचेरीतलं काम दुपटीनं वाढलं होतं. पाणी असलं की त्याचा एक अहवाल जातो, नसलं की का नाही याचे चार जातात. तिकडे लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि इकडे लिंबाजीराव दिवसभर कोरड्या तळ्यांवर टिपणं लिहून संध्याकाळी भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवायला बसत होते. ही पार्टी नरसिंगची. नरसिंग पुढे उभा राहून गायचा, लिंबाजीराव मागे बसून वाजवायचे, आणि तीसेक वर्षांत ही जागा बदललेली नव्हती.

ती बदलायची वेळ आली ती नव्या जिल्ह्यामुळे. उदगीर जिल्हा होणार अशी आवई त्या उन्हाळ्यात पुन्हा उठली. नळाला पाणी नसताना गावाला जिल्हा मिळणार म्हटल्यावर लोकांना तेवढाच गारवा वाटला. चहावाल्यानं पाटीवर ‘जिल्ह्यातील एकमेव’ लिहून घेतलं. केशकर्तनालयवाल्यानंही तेच लिहिलं. नरसिंगनं पार्टीची बैठक बोलावली.

“उद्या जिल्हा झाला की आपली पार्टी जिल्ह्याची पार्टी होनार,” तो म्हणाला. “जिल्ह्याच्या पार्टीत पेटी चालती का? नांदेडचा व्यंकटी बग. पियानोवानी दोन्ही हातानं वाजवतो. डाव्या हातानं असा खर्ज लावतो की मांडव हालतो.”

“मग मी काय करू?” लिंबाजीरावांनी विचारलं.

“तूबी घे तसलं. ह्या जयंतीला स्टेजवर दिसलं पायजे. न्हाई जमलं तर राग मानू नको, पन पुढच्या कार्यक्रमापासून व्यंकटीला बोलवायलोय मी.”

राग मानू नको म्हटल्यावर माणसाला जेवढा राग येतो तेवढा लिंबाजीरावांना आला. पण रागाखाली दुसरंही काही होतं. जयंतीसाठी त्यांनी स्वतः एक चाल बांधली होती. तिच्या सुरुवातीच्या तुकड्यात खालच्या सुरांची एक ओळ होती, जी पेटीवर वाजवायला तिसरा हात लागला असता. ती ओळ ते कित्येक दिवस नुसती मनात ऐकत होते. ती एकदा लोकांच्या कानावर पडावी, एवढीच त्यांची इच्छा होती. जागा जाण्याची भीती होतीच, पण ती ओळ न वाजताच जागा जाईल ही भीती जास्त होती.

चौकशी सुरू झाली. लिंबाजीरावांना कळलं की त्यांना हवं आहे त्याला मिडी कंट्रोलर म्हणतात, आणि त्यात वजनदार पट्ट्यांचा एक प्रकार असतो. आत छोट्या हातोड्या असतात, त्यामुळे बोटाला खऱ्या पियानोसारखा दाब लागतो. घरातल्या आतल्या खोलीत त्यांनी पोती आणि अंड्यांचे ट्रे ठोकून स्टुडिओ केला होता, तिथे किल्लारीपासून कंधारपर्यंतचे हौशी गायक येऊन गाणी भरून जात. त्या स्टुडिओसाठी वजनदारच हवं असं सगळे जाणते सांगत. स्टेजसाठी मात्र हलकं हवं असंही तेच जाणते सांगत.

शेजारच्या वीरण्णांनी या प्रश्नात आपणहून लक्ष घातलं. त्यांचं पाइप आणि नळाच्या सामानाचं दुकान होतं आणि त्या उन्हाळ्यात ते फक्त पाण्याच्या टाक्या विकत होते.

“वजन किती म्हन्ता?” त्यांनी विचारलं.

“मोठं बावीस किलोचं आहे. लहान सहा किलोचं.”

“सायेब, लहान घ्या. स्टेजवर चढवायचं, उतरवायचं, जीपमदी घालायचं. कोन उचलनार? माझं ऐका, जी वस्तू येकट्याला उचलत न्हाई ती आपली नसती.”

कचेरीतले शेषेराव म्हणाले, जास्त बटणं ज्याला असतील ते घ्यावं, न वापरली तरी शोभा येते. वीरण्णांच्या पत्नी मल्लम्मा म्हणाल्या, अमावास्येच्या आत आणू नका. लिंबाजीरावांच्या पत्नी चांगुणाबाई एवढंच म्हणाल्या, “कायबी आना, पन ठेवनार कुठं? त्या खोलीत माझी टिपाडं हायत.”

हे खरं होतं. टँकर केव्हा येईल याचा नेम नसल्यानं स्टुडिओत पाण्याची टिपाडं उभी होती. मागच्याच महिन्यात भोकरच्या एका गायकाचं गाणं भरताना मधल्या शांततेत चांगुणाबाईंनी तांब्या बुडवला होता आणि तो बुडबुडा गाण्यात कायमचा राहिला होता. गायकाला तो आवडला ही गोष्ट वेगळी.

लिंबाजीराव सहा किलोचं घ्यायचं ठरवून हैदराबादला गेले. दुकान मोठं होतं, थंड होतं, आणि आत आल्यावर आपली चप्पल फार वाजते असं त्यांना वाटलं. विक्रेत्यापुढे त्यांनी आपली गरज मांडली. स्टुडिओत भारी पाहिजे आणि स्टेजवर हलकं पाहिजे.

“साब, घर में भारी, बाहर हल्का, ऐसा तो आदमीच रहता. बाजा नै रहता,” विक्रेता म्हणाला.

त्यानं आधी लहान दाखवलं. पट्ट्या खडखडीत होत्या, बोट ठेवलं की खाली. लिंबाजीराव मान हलवून घेतो म्हणणार होते, तेवढ्यात विक्रेत्यानं उगीच आपलं मोठ्याला जोडलेल्या कॉम्प्युटरचा हेडफोन त्यांच्या कानाला लावला. “ये भी देख लो साब. लेना नै लेना, आपकी मर्जी.”

त्यांनी डाव्या हाताची करंगळी अगदी टोकाच्या पट्टीवर ठेवली आणि दाबली. पट्टीनं जरा विरोध केला आणि मग आत गेली. खोल विहिरीत कुणी बोलावं तसा आवाज आला आणि बराच वेळ राहिला. लिंबाजीरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुष्काळात ते एवढं सहज आलं याचं त्यांनाच नवल वाटलं. एवढी वर्षं आपल्या अंगाला चिकटून असलेला हात कसा बोलतो, हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं. मग वीरण्णा, शेषेराव, बटणं आणि अमावास्या यांतलं काहीही आडवं आलं नाही. ते बावीस किलो घेऊन बाहेर पडले.

परतीच्या गाडीत कंडक्टरनं तो पुरुषभर लांबीचा खोका पाहिला.

“ह्यात काय हाय?”

“वाद्य आहे.”

“वाद्याचं भाडं येगळं, यंत्राचं येगळं. वाजवून दावा.”

लिंबाजीरावांना खोटं बोलता येत नव्हतं. “हे असं वाजत नाही. याला स्वतःचा आवाज नसतो. लॅपटॉप लावला की आवाज लॅपटॉपातून येतो.”

कंडक्टरनं विचार केला. “वाजत न्हाई ते वाद्य कसं म्हनावं? यंत्रात घालतो.” बरं, यंत्र म्हटल्यावर ते टपावर गेलं. बीदरपर्यंत लिंबाजीरावांनी प्रत्येक खड्डा स्वतःच्या पाठीवर घेतला. बीदरच्या पुढे ते टपावर काही घसरल्याचा आवाज ऐकत राहिले, आणि प्रत्येक वेळी तो दुसऱ्या कुणाच्या कांद्याच्या पोत्याचा निघाला.

घरी खोका पोचला तेव्हा गल्लीत वीज नव्हती आणि मेहुण्याकडून आणलेल्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली होती. पण खोका एवढा मोठा होता की सगळी गल्ली बघायला आली. टँकर आलाय असं समजून दोन बायका घागरी घेऊनच आल्या. लोक बसले. वाजवा म्हणाले. लिंबाजीरावांनी समजावलं. लोक म्हणाले, थोडं तरी वाजवा. शेवटी त्यांनी मान राखायला म्हणून चार पट्ट्या दाबल्या. टकटक असा लाकडी आवाज आला. सगळे अजून थोडा वेळ थांबले.

“आवाज येगळा घ्यावा लागतो का?” वीरण्णांनी हळू विचारलं.

“आवाज लॅपटॉपात आहे.”

“हां. म्हंजी टाकी दिली, पानी तुमचं तुम्ही बगा.” त्यांना ती पद्धत ओळखीची वाटली आणि ते समाधानानं घरी गेले. चांगुणाबाईंनी खोक्याकडे, नवऱ्याकडे आणि टिपाडांकडे पाहिलं.

“बावीस किलोचं मुकं आनलं,” त्या म्हणाल्या. “मुकं तर मुकं, निदान जागा तरी कमी खायचं.”

जागेचा प्रश्न त्यांनीच सोडवला. दोन टिपाडांवर कीबोर्ड आडवा ठेवला. उंची अगदी बरोबर आली. अडचण एवढीच होती की टिपाडाचं झाकण उघडायचं तर कीबोर्ड उचलावा लागायचा. भात टाकायचा, उचला. भांडी घासायची, उचला. पाहुणा आला, उचला. चाल बसण्याआधी लिंबाजीरावांचे दंडच भरले. चांगुणाबाई ओट्याशी उभ्या राहून ती चाल रोज ऐकत होत्या. खालच्या सुरांची ओळ लागली की त्यांचं लाटणं मंद व्हायचं.

खरं संकट चौथ्या-पाचव्या दिवशी कळलं. गाणं सुरू करायचं म्हटलं की लिंबाजीराव डोळे मिटायचे, श्वास घ्यायचे, आणि त्याच वेळी डावा हात आपोआप कीबोर्डच्या पाठीमागे जायचा. पेटीवर पहिला सूर काढायच्या आधी भात्यात वारा भरावा लागतो. हात तीस वर्षं तेच करत आला होता. त्याला भाता सापडायचा नाही. सापडायची ती लॅपटॉपला जोडलेली वायर, कारण ती नेमकी पाठीमागेच खोचलेली होती. हात तिला प्रामाणिकपणे दाबायचा आणि वायर निघून खाली पडायची.

“आव, कामून वारा घालायलाव त्याला?” चांगुणाबाई म्हणाल्या.

“मी घालत नाही. तो घालतो.”

“तो कोन? हात तुमचाच हाय की.”

सल्ले येऊ लागले. वीरण्णांनी वायरला नळाची टेप गुंडाळून दिली, तिनं गळती थांबते असा त्यांचा अनुभव होता. मल्लम्मांनी मनगटाला दोरा बांधायला सांगितलं. बौद्ध घरात दोरा कसा बांधावा असं चांगुणाबाई म्हणाल्या, तेव्हा मल्लम्मा म्हणाल्या की नुसती सुतळी समजून बांधा. सुतळी बांधली. हात सुतळीसकट पाठीमागे गेला. लिंबाजीरावांना रात्री झोप लागेना. कचेरीत टिपण लिहितानासुद्धा डावा हात टेबलामागे काहीतरी दाबत असायचा आणि समोर बसलेले शेषेराव आपली खुर्ची मागे घ्यायचे.

पोलीस परवानगीचं काम त्यात आलं. ध्वनिक्षेपकाच्या अर्जावर वाद्यांची नावं लिहायची होती. ठाण्यातल्या जमादारांनी ढोलकी लिहिली, ऑक्टोपॅड लिहिलं आणि कीबोर्डवर थांबले.

“ह्याला सोताचा आवाज न्हाई म्हन्ता. मग ध्वनिक्षेपकात कसं लिहू?”

“लिहा की साहेब. आवाज येतो. दुसरीकडून येतो.”

“दुसरीकडून येतो तर दुसरीकडचं नाव लिहावं लागंल. आन जिल्हा होईस्तोवर असल्या नव्या बाबींचं लातूरला इचारावं लागतंय.” अखेर त्यांनी ‘पेटी (मोठी)’ असं लिहिलं. लिंबाजीरावांना ते लागलं. एवढा खर्च, एवढी यातायात, आणि शासनदरबारी ते अजून पेटीच वाजवत होते.

बाबासाहेबांची सव्वाशेवी जयंती होती. मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. दिवस मावळायला आला तरी स्टेजवरचं पत्र्याचं छत आग ओकत होतं. प्यायच्या पाण्याची टाकी वीरण्णांनी दिली होती, त्यामुळे ते पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्या शेजारी नांदेडचा व्यंकटी बसला होता. पांढरा शर्ट, गॉगल, मांडीवर दोन्ही हात. तो नुसता बघायला आला होता असं नरसिंगनं सांगितलं होतं. पण बघायला आलेला माणूस सोबत स्वतःच्या पायाचं पेडल घेऊन येत नाही.

लिंबाजीराव घामानं भिजले होते. त्यांनी वायर तपासली. टेप तपासली. उन्हानं ती जरा मऊ झाली होती, पण धरून होती. पेडल तपासलं. लॅपटॉप चालू होता. ढोलकीवाल्यानं मान हलवली. नरसिंगनं माइक तोंडाजवळ नेला आणि नव्या चालीचं गाणं जाहीर केलं. आता ती ओळ वाजणार होती. त्यांनी डोळे मिटले आणि श्वास घेतला.

मग ते वाजवत गेले. असं त्यांनी कधी वाजवलं नव्हतं. डावा हात खाली एकेक पाऊल टाकत होता, उजवा वर बोलत होता, आणि दोघांची जन्मात पहिल्यांदा ओळख होत होती. ढोलकी उठली, ऑक्टोपॅड कडाडलं, मैदानात शिट्ट्या आणि घोषणा झाल्या, नरसिंगचा आवाज चढला. गाणं संपलं तेव्हा टाळ्या थांबेनात.

नरसिंग वळला. त्याचा चेहरा उजळला होता. “लिंबाजी, लई भारी वाजवलंस आज. जागा तुझीच.” व्यंकटी उभा राहून टाळ्या वाजवत होता. “मामा, डावा हात एक नंबर,” तो खालून ओरडला. वीरण्णांनी दोन्ही हात वर केले.

लिंबाजीरावांनी सवयीनं बायकांच्या बाजूला पाहिलं. चांगुणाबाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या सरळ त्यांच्याकडे बघत होत्या आणि आपला डावा तळहात हवेत मागे-पुढे करत होत्या. भाता मारल्यासारखा.

लिंबाजीरावांनी कीबोर्डच्या पाठीमागे वाकून पाहिलं. वायर स्टेजच्या फळीवर पडली होती. मऊ टेपचा बोळा तिच्या टोकाला लोंबत होता. ती पहिल्या सुराच्या आधीच निघाली होती, आणि ती ओळ मनात वाजत असल्यानं त्यांना स्वतःलाही ते कळलं नव्हतं. अख्ख्या गाण्यात त्यांचा एकही सूर कुणाला ऐकू गेलेला नव्हता, आणि कुणाला तो कमीही पडला नव्हता.

गप्प राहिलं तर सगळं ठीक होतं. जागा राहिली होती, व्यंकटीनं वाखाणलं होतं, जिल्हा झाला तर जिल्ह्याच्या पार्टीतही तेच असणार होते. नरसिंग पुढचं गाणं सांगायला माइक उचलत होता. आणि ती ओळ मात्र अजूनही त्यांच्या एकट्याच्याच डोक्यात होती. कुणी न ऐकताच मिळालेली शाबासकी त्यांना पचेना. ते उठले आणि नरसिंगच्या हातातून त्यांनी माइक घेतला. आयुष्यात पहिल्यांदा.

“मंडळी,” ते म्हणाले. “आत्ताच्या गाण्यात मी वाजवलेलं तुम्हाला काहीच ऐकू आलं नाही. वायर निघाली होती. सुरुवातीचा तुकडा मी एकदा एकटा वाजवतो. मग पुढचं गाणं.”

मैदानात हसू पसरलं. नरसिंगनं दात आवळून म्हटलं, “खाली बस. कुनाला कळलं न्हाई तर कामून सांगायलास?”

“म्हणूनच सांगतोय,” लिंबाजीराव म्हणाले.

“वाजवू द्या की,” मागून कुणीतरी म्हातारं माणूस बोललं. “इतकी वर्सं बसलंय बिचारं मागं.”

नरसिंग बाजूला झाला. व्यंकटीनं गॉगल काढला. लिंबाजीरावांनी वायर खोचली, पण हाताचा भरवसा त्यांना नव्हता. तेवढ्यात चांगुणाबाई पदर खोचून स्टेजच्या पायऱ्या चढून आल्या, कीबोर्डच्या पाठीमागे फळीवर मांडी घालून बसल्या आणि दोन्ही मुठींत वायर धरली. मैदानाकडे त्यांची पाठ होती. “चला,” त्या म्हणाल्या. “म्या हाय हिकडं.”

लिंबाजीरावांनी डोळे मिटले, श्वास घेतला, आणि डावा हात पाठीमागे गेला. तिथे त्याला चांगुणाबाईंच्या मुठी लागल्या. त्यांनी त्या हातावर एक चापट मारली. हात चटकन पुढे आला आणि पट्टीवर पडला.

आणि तो आवाज आला. मैदानभर पसरला, वीरण्णांच्या टाकीवर आपटून परत आला. लोकांचं हसणं थांबलं. ओळ एकेक पाऊल उतरत गेली, ढोलकीशिवाय, गाण्याशिवाय, उघडी. चांगुणाबाईंची मान खाली होती आणि त्या ऐकत होत्या. लिंबाजीरावांना रडायला येत होतं. त्या भरात सगळ्यात खालच्या सुरापाशी डाव्या हाताचं बोट घसरलं आणि शेजारच्या पट्टीवर पडलं. चूक एवढी मोठी, एवढी खर्जातली आणि एवढी लांब टिकली की पत्र्याचं छत थरथरलं.

“चुकलं,” पहिल्या रांगेतून वीरण्णा स्वच्छ आवाजात म्हणाले.

“डावा हात चुकला,” व्यंकटीनं मान हलवत दुजोरा दिला. मागच्या रांगांतही लोक एकमेकांना तेच सांगायला लागले.

नरसिंगनं माइक झाकला आणि तो खाली वाकला. “डावा हात सुधार लिंबाजी,” तो चिडून म्हणाला. “येत्या कार्यक्रमाला असं चालनार न्हाई.”

लिंबाजीराव मान खाली घालून हसत होते. त्या हाताला एवढ्या वर्षांत कुणी पहिल्यांदाच रागावलं होतं. पाठीमागून चांगुणाबाईंनी विचारलं, वायर अजून धरायची का, आणि ते म्हणाले, धर, अजून बरीच गाणी आहेत.